पत्त्यातील ग्रामनाम : पृष्ठजनक यंत्रणांच्या लिपिविचाराची समीक्षा

संगणकाच्या साहाय्याने होणाऱ्या मराठी प्रकाशनाचा विचार आजवर बहुधा टंक, कळफलक आणि शुद्धलेखन या तीन अंगांनीच झाला आहे. मजकूर पडद्यावर नीट उमटला, तो टंकित करणे सुलभ झाले आणि त्यातील ऱ्हस्वदीर्घ तपासणारे साधन हाती आले, म्हणजे लिपीचा प्रश्न सुटला असे गृहीत धरले जाते. वस्तुतः मजकूर लिहून झाल्यानंतर आणि तो वाचकापुढे येण्यापूर्वी यंत्र त्यावर जे संस्कार करते, त्यांत लिपीविषयीची एक संपूर्ण कल्पना दडलेली असते. ती कोणी मांडलेली नसते, म्हणून तिचे खंडन करावयासही कोणी पुढे येत नाही. या अलिखित कल्पनेची परीक्षा करण्यास सर्वांत सोयीचे साधन म्हणजे ज्यांना तंत्रज्ञ स्टॅटिक साइट जनरेटर म्हणतात त्या यंत्रणा होत. प्रस्तुत विवेचनात त्यांस पृष्ठजनक म्हटले आहे.

पृष्ठजनकाचे कार्य समजावयास कठीण नाही. लेखक आपला मजकूर साध्या संहितेच्या रूपात एका धारिकेत लिहितो. मथळा, परिच्छेद, ठळक अक्षर यांसाठी तो मार्कडाउनसारखी अगदी अल्प खुणांची पद्धती वापरतो. ही पद्धती जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केली. धारिकेच्या आरंभी शीर्षक, दिनांक, विषय असा थोडा तपशील दिलेला असतो. आज्ञा मिळताच पृष्ठजनक अशा सर्व धारिका वाचतो, त्या ठरावीक साच्यांत बसवतो, अनुक्रमणिका व विषयसूच्या रचतो आणि तयार पानांचा संच बाहेर टाकतो. पुढे तो संच आपोआप सेवासंगणकावर जाऊन पडतो. वाचक पान मागतो त्या क्षणी काहीही नव्याने घडवावे लागत नाही. छापून झालेले पान द्यावे तसे ते दिले जाते. २००१ मध्ये निघालेल्या एका आरंभीच्या प्रकाशनसाधनाने मूव्हेबल टाइप, म्हणजे सुटे खिळे, हे नाव धारण केले होते. ते साधनही अशीच तयार पाने निर्माण करीत असल्यामुळे ते नाव अगदीच अलंकारिक नव्हते. मध्यंतरी विदागारावर चालणाऱ्या वर्डप्रेससारख्या यंत्रणांनी ही रीत मागे टाकली. पुढे टॉम प्रेस्टन-वर्नर यांच्या जेकिलने २००८ मध्ये तिचे पुनरुज्जीवन केले. २०१० मध्ये पेलिकन व २०१३ मध्ये ह्यूगो या यंत्रणा त्याच वाटेने आल्या. पेलिकन हे नाव पक्ष्याचे दिसत असले, तरी ते फ्रेंचमधील वहीवाचक कालपँ या शब्दाच्या अक्षरांची उलटापालट करून बनवलेले आहे. ज्या यंत्रणेच्या अक्षरज्ञानाविषयी पुढे बरेच लिहावे लागणार आहे, तिच्या नावातच अक्षरांचा खेळ असावा ही गंमत नोंदवण्याजोगी आहे.

या रीतीचे गुण मोठे आहेत, आणि ते महानगरापेक्षा लहान गावाच्या अधिक उपयोगी पडणारे आहेत. परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यातले वालूर हे उदाहरण म्हणून घेता येईल. गावात चक्राकार उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची बारव आहे. अशा रचनेच्या बारवा दुर्मिळ. महाराष्ट्रातील बारवांच्या स्वच्छतेची व नोंदींची जी चळवळ अलीकडे उभी राहिली, तिच्यामुळे ही बारव गावाबाहेरच्या अभ्यासकांसही परिचित झाली. गावाचे नाव वाल्मीकी ऋषींशी जोडणारी स्थानिक श्रद्धा आहे. अशा गावाची माहिती, म्हणजे बारवेचे मोजमाप, तिच्याविषयीच्या आख्यायिका, शेताशिवारांची नावे, वृद्धांच्या तोंडचे शब्द, ही कोणी लिहून ठेवू म्हटल्यास त्यास विदागार सांभाळण्याचा खर्च आणि कटकट परवडणारी नसते. पृष्ठजनकाने केलेला संच थोड्या जागेत मावतो, मंद जोडणीवरही उघडतो, एका खिशातल्या साठवणीत घालून शाळेत नेता येतो. निर्माता व यंत्रणा दोन्ही नाहीशा झाल्या तरी मूळ संहिता वाचता येते. ग्रामेतिहासाच्या नोंदीस याहून अनुरूप प्रकाशनपद्धती आज तरी दिसत नाही. म्हणूनच तिच्यातील दोषाकडे अधिक कठोरपणे पाहिले पाहिजे.

तो दोष पानाच्या पत्त्यात आढळतो. प्रत्येक पानास एक पत्ता लागतो आणि त्याचा शेवटचा अंश सामान्यतः मथळ्यावरून बनवला जातो. या अंशास स्लग म्हणतात. धातू वितळवून अक्षरे जुळवण्याच्या काळात शिशाच्या पट्टीस हे नाव होते. ती पट्टी वृत्तपत्रांच्या जुळणीविभागात बातमीची ओळख पटवण्यासाठी वापरली जाई. तेथून हा शब्द संगणकात आला. जुळारी स्लग स्वतः करीत असे, पृष्ठजनक तो आपोआप करतो. 'वालूरची बारव' असा साधा मथळा दिला असता काय होते ते पाहणे उद्बोधक ठरेल.

पेलिकन ही यंत्रणा पायथन या संगणकभाषेत लिहिलेली आहे. तिच्या पूर्वनिर्धारित व्यवस्थेत मथळा प्रथम युनिडिकोड या संचाकडे जातो. शॉन बर्क यांनी पर्ल या संगणकभाषेसाठी रचलेल्या संचावरून तो पायथनात आणलेला आहे. जगातील बहुतेक सर्व लिप्यांतील प्रत्येक चिन्हासाठी एक रोमन तुकडा हे त्याचे तत्त्व. त्यानुसार 'वालूर' याचे व्ही-ए-ए-एल-यू-यू-आर असे रूप होते, 'ची'चे सी-आय-आय होते आणि 'बारव' बी-ए-ए-आर-व्ही बनते. व्यंजनातील अंगभूत अकारास या कोष्टकात स्थानच नाही. 'वालूर' शब्दाच्या शेवटचा अकार मराठी उच्चारात लुप्त होतो, त्यामुळे तेथे कोष्टक अनायासे बरोबर ठरते. 'बारव' शब्दात मात्र रकारातला अकार स्पष्ट ऐकू येतो, आणि तोच गळाला आहे. कोष्टकाला अकारलोपाचा नियम ठाऊक नाही. ठाऊक नसलेला नियम ते सर्वत्र लागू करते, एवढाच याचा अर्थ.

ही रोमन रूपे नकोत म्हणून कोणी युनिकोड अक्षरे राखण्याचा पर्याय निवडला, तर त्याची स्थिती अधिक शोचनीय होते. आता मथळा देवनागरीतच राहतो. परंतु त्यातून 'शब्दात न येणारी' चिन्हे काढून टाकण्याचे सूत्र त्यावर चालते आणि बाहेर पडते ते 'वलरच-बरव'. काना गेला, दीर्घ ऊकार गेला, दीर्घ ईकार गेला. स्वल्पविराम, अवतरणचिन्ह, प्रश्नचिन्ह यांना वगळण्यासाठी केलेल्या चाळणीतून मराठीचे स्वर बाहेर फेकले गेले. ज्याने हे पान लिहिले त्याच्या मजकुरात एकही चूक नाही. पडद्यावरचा मथळाही शुद्ध आहे. बिघडले आहे ते केवळ नाव, आणि तेही ज्या नावाने ते पान पुढे उद्धृत केले जाणार आहे ते.

असे का व्हावे याचे कारण चिन्हांच्या वर्गीकरणात आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हास एक सर्वसाधारण वर्ग दिलेला असतो. व, ल, र ही अक्षरे ठरतात, तर काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सारी अक्षरे न ठरता 'खुणा' ठरतात. पायथनच्या आकृतिबंध-सूत्रांत 'शब्दचिन्ह' या संकल्पनेत अक्षरे व अंक येतात, खुणा येत नाहीत. युनिकोडच्या तांत्रिक मानक क्रमांक १८ मध्ये शब्दचिन्हांत खुणांचाही समावेश करावा अशी स्पष्ट शिफारस आहे, पण प्रत्यक्ष सूत्राने ती मानलेली नाही. येथे एक विसंगती लक्षणीय आहे. त्याच पायथनास '२०२४' ही देवनागरी अंकांतील संख्या दिली असता तो ती बिनचूक ओळखतो व तिच्यात बेरीजवजाबाकी करतो. म्हणजे देवनागरीचे अंक त्यास अंक म्हणून मान्य आहेत, देवनागरीचे स्वर मात्र शब्दाचा भाग म्हणून मान्य नाहीत. यास लिपीविषयीचे अज्ञान म्हणणे अपुरे होईल. अक्षर हे एक सुटे चिन्ह असते आणि त्याच्यावर जे काही चढवले जाते ते ऐच्छिक अलंकरण असते, ही रोमन लिपीच्या अनुभवातून आलेली धारणा येथे नियम म्हणून वावरत आहे. फ्रेंचमधील स्वरावरची रेघ काढली तरी मूळ अक्षर शिल्लक राहते. देवनागरीत काना काढला असता शिल्लक राहते ते निराळेच अक्षर असते, कारण स्वराच्या जागी अकार आपोआप येऊन बसतो. 'वा'मधून काना वजा केला म्हणजे केवळ व्यंजन उरत नाही, 'व' उरतो. ही वजाबाकी नव्हे, स्वरांची अदलाबदल आहे.

या अदलाबदलीचा परिणाम कोठवर जातो ते थोड्या शब्दांवरून ध्यानात येईल. पुणे, पेण, पाणी आणि पण या चारही शब्दांचे या सूत्राने 'पण' हे एकच रूप होते. नदी, नाद आणि नंद यांचे 'नद' होते. दोन शहरे आणि एक महाभूत एकाच पत्त्यावर येऊन उभी राहिल्यावर यंत्रणा काय करणार? कोठे ती काम थांबवून इशारा देते, कोठे दुसऱ्या पानास क्रमांक लावते, कोठे एक पान निमूटपणे दुसऱ्याच्या जागी लिहिले जाते. जिल्ह्यातील गावांची एकेक धारिका करून संपूर्ण ग्रामकोश रचू पाहणाऱ्यास हा प्रसंग केव्हा ना केव्हा येणारच.

मराठीच्या लेखनपरंपरेत लिपीने भाषेतील भेद पुसल्याची उदाहरणे नाहीत असे नाही. मोडी लेखनात इकार-उकारांचे ऱ्हस्वदीर्घ सामान्यतः वेगळे दाखवले जात नसत. तरीही शतकानुशतके दप्तरे चालली, कारण मोडीने स्वराचे परिमाण सोडले, स्वर सोडला नाही. 'वालूर'चे मोडीत 'वालुर' वाचले गेले तरी गाव ओळखू येई. महानुभावांच्या सकळ लिपीत तर अक्षरांच्या जागी दुसरीच अक्षरे ठेवलेली होती. पण त्या स्थानांतरणास किल्ली होती आणि ती हाती येताच राजवाड्यांना त्या पोथ्या उलगडता आल्या. 'वलर' या रूपास किल्ली असू शकत नाही. त्यावरून वालूर, वेलूर, विलार, वलार यांपैकी मूळ कोणते हे कोणत्याही युक्तीने परत मिळवता येणार नाही. शिलालेखाचे वाचन देणारा संपादक झिजलेले अक्षर कंसात घालून देतो, आपण तर्काने काय भरले आणि काय भरता आले नाही हे वाचकास सांगतो. पृष्ठजनक अक्षरे झिजवतो आणि जागाही रिकामी ठेवत नाही. ग्रामनामांच्या अभ्यासकास हे विशेष जाचक आहे. ग्रामनामाची व्युत्पत्ती स्वरांच्या दीर्घत्वावर आणि त्यांच्या क्रमावर अवलंबून असते. वाल्मीकीशी जोडलेली लोकव्युत्पत्ती स्वीकारावी की नाकारावी हा वाद 'वालूर' या रूपावर होऊ शकतो, 'वलर' या रूपावर तो सुरूच होत नाही.

सर्व पृष्ठजनक असेच वागतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. ह्यूगोच्या पत्ताशुद्धीच्या नियमात अक्षरे, अंक आणि खुणा या तिहींना स्थान आहे. तेथे 'वालूरची-बारव' हे रूप अखंड राहते. जेकिलमध्ये लेखाच्या धारिकेचे नावच दिनांकापासून सुरू करून लेखकाने द्यावयाचे असते, त्यामुळे नामकरणाचा अधिकार बऱ्याच अंशी त्याच्याकडे राहतो. मात्र तो दिनांक आंतरराष्ट्रीय अंकांतच लिहिला पाहिजे, देवनागरी अंक तेथे ओळखले जात नाहीत. ह्यूगोतही पत्त्यातील स्वराघातचिन्हे काढून टाकण्याचा एक ऐच्छिक पर्याय ठेवलेला आहे. तो युरोपीय भाषांसाठी केलेला आहे हे उघड आहे. तो चालू केल्यास अक्षराच्या वर वा खाली बसणाऱ्या, स्वतंत्र जागा न घेणाऱ्या खुणा गळतात आणि बाजूस बसणाऱ्या राहतात. म्हणजे काना व वेलांट्या वाचतात, उकार, एकार व अनुस्वार जातात. 'वालूर'चे 'वालर' होते, 'मुंबई'ची 'मबई' होते आणि पुण्याचे पुन्हा 'पण'. काना आणि उकार हे दोन्ही स्वरच आहेत, त्यांच्यातील हा भेद कोणत्याही वैयाकरणास सुचला नसता. तो खिळे पाडणाऱ्यास सुचणारा भेद आहे.

याउलट, देवनागरी पत्त्याचा आग्रह धरणेच चुकीचे, पत्ता हा केवळ तांत्रिक संकेत असून तो रोमनमध्ये असावा, असा पक्ष पुष्कळदा मांडला जातो. त्याच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह प्रेषणात तीन अष्टकांचे होते आणि पत्त्यात प्रत्येक अष्टक टक्क्याचे चिन्ह व दोन षोडशमान अंक यांनी लिहिले जाते. 'वालूरची-बारव' यातील अकरा चिन्हांची अशी नव्व्याण्णव स्थाने होतात आणि मधली रेघ धरून शंभर. हा पत्ता पत्रात उतरवून घेतला तर तो गावाचे नाव राहत नाही, आकड्यांची रास होते. ही अडचण खरी आहे. परंतु रोमन रूप म्हणजे नेमके कोणते, याचे उत्तर त्या पक्षाकडे नाही. वालूरच्या आद्याक्षरासाठी कोणी डब्ल्यू लिहितो, कोणी व्ही. दीर्घ ऊकारासाठी एक यू, दोन यू किंवा दोन ओ, सारेच प्रचारात आहेत. शासकीय कामकाजातील हंटर-पद्धती दीर्घत्वाच्या खुणा प्रत्यक्षात गाळूनच वापरली जाते. रोमन रूप निवडण्यास हरकत नाही, पण ते कोणी तरी जाणून निवडलेले असावे. युनिडिकोडचे कोष्टक निवड करीत नाही.

अशाच प्रकारचा, पण अधिक सूक्ष्म प्रश्न 'पायऱ्या' या शब्दात दडलेला आहे, आणि बारवेविषयी लिहिणाऱ्यास तो शब्द टाळता येणार नाही. मराठीत 'दर्या' आणि 'दऱ्या' हे भिन्नार्थी शब्द आहेत. पहिल्यात रफार, दुसऱ्यात रकाराचे चंद्रकोरीसारखे अर्धे रूप. हे अर्धे रूप संगणकात दोन प्रकारांनी साठवले जाते. एकतर अधोबिंदूयुक्त 'ऱ' आणि हलन्त यांनी, किंवा साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे रुंदीहीन संयोजक या अदृश्य चिन्हाने. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात. कळफलकानुसार कोणता प्रकार उमटेल हे ठरते आणि लेखकास त्याची वार्ताही नसते. हे संयोजक अक्षर नाही, अंक नाही, खूणही नाही, त्याचा वर्ग 'विन्यासचिन्ह' असा वेगळाच आहे. यास्तव मात्रा जपणारे उदार सूत्रही त्यास बाहेर काढते आणि दुसऱ्या प्रकारे लिहिलेल्या 'पायऱ्या' पत्त्यात 'पायर्या' होऊन येतात. 'दऱ्यांविषयी' लिहिलेले पान दर्याच्या पत्त्यावर सापडते. एकच शब्द दोघांनी दोन कळफलकांवर लिहिला तर विषयसूचीत त्याची दोन निराळी पाने तयार होतात आणि त्यांच्या शीर्षकांकडे कितीही निरखून पाहिले तरी भेद दिसत नाही. या दोन रूपांना एक मानण्याची तरतूद युनिकोडच्या सामान्यीकरणात नाही. ती पृष्ठजनकाच्या जोडीस एखादी लहानशी आज्ञावली लिहून करावी लागते, आणि मराठी मजकुराचे आपोआप प्रकाशन करणाऱ्या प्रत्येकाने ती केली पाहिजे.

यंत्रासाठी लिपीने स्वतःस मुरड घालावी, ही मागणी मराठीस नवीन नाही. जुळणीयंत्र आणि टंकलेखनयंत्र यांच्या सोयीसाठी देवनागरीची चिन्हसंख्या कमी करण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेकांनी केले. सावरकरांनी पुरस्कारलेली 'अ'ची बाराखडी त्यांतलीच. १९५३ च्या लखनौ लिपिसुधार परिषदेत ऱ्हस्व इकाराची वेलांटी डावीकडून उजवीकडे आणण्याचा निर्णय झाला आणि लोकांनी तो न स्वीकारल्यामुळे काही वर्षांतच मागे घ्यावा लागला. त्या सुधारणांविषयी मत काहीही असो, त्या उघड चर्चेत आल्या होत्या. सभा झाल्या, ठराव झाले, वृत्तपत्रांतून टीका झाली, कोणाचा आक्षेप कोणत्या मुद्द्यावर होता हे आज शोधता येते. वेलांटीची बाजू बदलण्यास परिषद लागली होती. सगळ्या वेलांट्या काढून टाकण्यास आता एका सूत्रातील दोन-चार चिन्हे पुरतात, आणि ते सूत्र लिहिणाऱ्याने मराठीचा विचार केलाच नव्हता, त्यामुळे त्यास विरोधक म्हणून गाठावे अशीही सोय नाही. युनिकोडच्या बाजूने येथे इतके म्हटले पाहिजे की तेथील चर्चा खुली असते आणि तिला फळही येते. १९९१ च्या मूळ संचात नसलेला 'ॲ' २००८ मध्ये तेथे दाखल झाला. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालाविषयक निर्णयात त्यास स्थान मिळाले ते त्यानंतर. जोडाक्षराचे अवयव एकत्र धरावेत हा नियम विभाजनाच्या मूळ आराखड्यात २०२३ पर्यंत नव्हता, तोही आला. मानक सुधारते. त्या मानकाकडे न पाहता लिहिलेली सूत्रे मात्र जुन्या धारिकांतून नव्या धारिकांत नकलली जात राहतात.

यावरील उपाय तांत्रिकदृष्ट्या क्षुल्लक आहे. धारिकेच्या आरंभीच्या तपशिलात पत्त्याचा अंश लेखकास स्वतः देता येतो. तो दिला असता वर वर्णिलेल्या यंत्रणा आपले सूत्र बाजूस ठेवतात. वालूरविषयीच्या संचात प्रत्येक धारिकेत ही एक ओळ संपादकाने लिहावी आणि ती नसल्यास यंत्रणेने पान प्रसिद्ध करू नये असा बंध घालावा. पानाच्या आतील पोटमथळ्यांसही हेच लागू आहे. पायथन-मार्कडाउन व त्यावर चालणारा एमकेडॉक्स यांच्या पूर्वनिर्धारित व्यवस्थेत मराठी पोटमथळ्याची सर्वच चिन्हे गळून केवळ एक, दोन, तीन असे अनुक्रमांक उरतात. मधे एखादा पोटमथळा नव्याने घातला की पुढील सर्वांचे क्रमांक बदलतात आणि दुसऱ्याने दिलेला संदर्भ भलत्याच परिच्छेदावर जाऊन पोचतो. प्रबंधाच्या तळटीपेत असा संदर्भ देणाऱ्या विद्यार्थ्यास हे कळण्याचा मार्ग नसतो. पूर्वी प्रसिद्ध झालेले विकृत पत्ते दुरुस्त करताना जुना पत्ता पर्यायी म्हणून जिवंत ठेवण्याची सोय ह्यूगोत आहे, अन्यत्रही ती जोडता येते. 'वलर' या पत्त्यावर येणारा वाचक 'वालूर'कडे पाठवला गेला पाहिजे, कारण चुकीचे का होईना, ते नाव एकदा छापले गेले आहे.

पत्त्याच्या पलीकडे गेल्यास यंत्राच्या शब्दकल्पनेचे आणखी काही नमुने हाती लागतात. त्यांचा येथे निर्देश पुरे. ह्यूगो वाचनास लागणारा वेळ काढताना मिनिटास २१३ शब्द असा हिशेब धरतो. चिनी, जपानी, कोरियन मजकुरांसाठी निराळे मान ठेवलेले आहे. मराठीत 'बारवेच्याजवळसुद्धा' हा एक शब्द भरतो, इंग्रजीत त्याचे चार-पाच होतील, पण मराठीसाठी वेगळे मान नाही. संक्षेप करणारी काही सूत्रे चिन्हे मोजून तोडतात. 'वालूर' तीन चिन्हांवर तोडले तर 'वाल' उरते आणि गावाचे कडधान्य होते. यांहून गंभीर प्रश्न सामान्यरूपाचा आहे. गावाच्या नावास आपोआप दुवा जोडणारी आज्ञावली 'वालूर' हे रूप शोधते. 'वालूरला', 'वालूरची' यांत ते सापडते, परंतु 'वालुरात' या रूपात उपान्त्य ऊकार ऱ्हस्व झाल्यामुळे सापडत नाही. मराठी लेखक नियमाप्रमाणे जितके शुद्ध लिहील तितके दुवे कमी जुळतील, अशी ही विचित्र स्थिती आहे. नागपूर, सोलापूर, लातूर या सर्वांस ती लागू आहे. रूपविचाराची अगदी प्राथमिक जोड दिली तरी ती दूर होऊ शकते.

राहता राहिला वर्णक्रम. संकेतांकाच्या क्रमाने सूची लावणाऱ्या यंत्रणेत 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे येतो, कारण युनिकोडच्या कोष्टकात त्याची जागा तेथे आहे. 'ॲ'ने सुरू होणारे शब्द 'ह'च्याही पलीकडे, देवनागरी अंकांच्या मागे जाऊन पडतात. अशा ग्रामसूचीत वालूरच्या पुढे वाळूज येते. मराठी कोशाच्या क्रमाने या दोन नावांच्या मध्ये वावी, वाशी आणि वाशीम यांना जागा मिळावयास हवी.